चपडी पॉलिशचं स्पिरिट: कसं ओळखायचं, कसं मिसळायचं, कुठं ठेवायचं?

इंदूर रस्त्यावरून उज्जैनमध्ये शिरलं की नानाखेडा लागतं. बस स्टँड, स्टेडियम आणि भोवताली वाढत गेलेल्या वसाहती. जुन्या शहरातल्या वाड्यांतून इकडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या मराठी घरांनी बाकी काही आणलं नाही तरी दोन-तीन वस्तू हमखास आणल्या: आजोबांचं सागवानी कपाट, शिसवी देव्हारा, नाहीतर पितळी कड्यांचा झोपाळा. शिंदेशाहीपासून माळव्यात रुजलेल्या घरांची ही खूण. आणि या लाकडावर मूळ झिलई असते ती बहुधा चपडीची, म्हणजे लाखेच्या पॉलिशची.

दिवाळी किंवा घरातलं लग्न जवळ आलं की मिस्त्रीला बोलावलं जातं. मिस्त्री चपडी आणि स्पिरिट मागवतो. काम होतं, लाकूड चमकतं, मिस्त्री जातो. मागे उरते ती पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेली अर्धा-पाऊण लिटर स्पिरिटची बाटली. ती कधी ओट्याखाली जाते, कधी माळ्यावर, कधी बाथरूमच्या खिडकीत. खरी काळजी या बाटलीची आहे. लाख निरुपद्रवी आहे. लाख विरघळवणारा द्रव तसा नाही.

चपडी म्हणजे काय आणि तिला स्पिरिटच का लागतं?

लाख हा एका बारीक किड्याचा स्राव. हा किडा पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतो. ते खरवडून, धुऊन, दळून लाखदाणा होतो. लाखदाणा वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले की झाली चपडी. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेशाचा पूर्व भाग आणि महाराष्ट्रातले गोंदिया-गडचिरोली हा या लाखेचा पट्टा. रांचीजवळच्या नामकुममध्ये १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे.

लाख पाण्यात विरघळत नाही. तारपिनात किंवा पेट्रोलमध्येही नीट विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये मात्र छान विरघळते. अल्कोहोल उडून गेलं की लाखेचा पातळ, चिवट थर लाकडावर राहतो. फ्रेंच पॉलिशचं सगळं गणित एवढंच.

स्पिरिटशिवायही लाख चढवता येते, हेही लक्षात घ्यायला हवं. नर्मदाकाठच्या बुधनीत किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणमध्ये कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. तिथं विद्रावक लागतच नाही. पण कपाट काही लेथवर फिरवता येत नाही, म्हणून सुताराला स्पिरिट लागतं आणि सगळे प्रश्न तिथून सुरू होतात.

दुकानातलं ‘स्पिरिट’ नेमकं काय असतं?

हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात ‘स्पिरिट’ या एका शब्दाखाली वेगवेगळे द्रव मिळतात. ते एकमेकांपासून ओळखता यायला हवेत.

*डिनेचर्ड किंवा मिथिलेटेड स्पिरिट.* हे मुळात एथिल अल्कोहोल, म्हणजे दारूत असतं तेच. ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी, कडू किंवा उग्र वासाचे पदार्थ मिसळलेले असतात. चपडीसाठी नेहमी वापरतात ते हेच.

*मिथेनॉल.* दिसायला तसंच, पाण्यासारखं स्वच्छ. लाख यातही विरघळते आणि हे लवकर उडतं. पण हे जहर आहे. शरीरात गेल्यावर त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. ते आम्ल आधी डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, एवढ्यानेही माणूस आंधळा झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

*आयसोप्रोपिल अल्कोहोल.* दवाखान्यात आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरतात ते. लाख यात थोडी सावकाश विरघळते. पिण्याजोगं हेही नाही, पण मिथेनॉलइतकं घातक नाही.

*एनसी थिनर.* यात टोल्यूइन, ॲसिटोन यांसारखे द्रव एकत्र असतात. हे लॅकरसाठी आहे, चपडीसाठी नाही. ‘स्पिरिट संपलंय, थिनर घाला’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. काम बिघडतं आणि धोकाही वाढतो.

*सॅनिटायझर.* करोनाकाळानंतर बऱ्याच घरांत त्याचे कॅन उरले. त्यात अल्कोहोल असतं हे खरं, पण पाणी आणि ग्लिसरीनही असतं. त्यात केलेलं पॉलिश पांढुरकं पडतं आणि चिकट राहतं.

गोम अशी की डिनेचर्ड स्पिरिट आणि मिथेनॉल हे डोळ्यांनी किंवा नाकाने ओळखता येत नाहीत. सुट्या कॅनमधून ओतून दिलेल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल किती आहे, ते देणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. त्यामुळे सीलबंद, घटक छापलेला डबा घ्यावा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सुटं घ्यावंच लागलं तर त्यात मिथेनॉल आहे असंच धरून वागावं.

उज्जैनने हे भोगलं आहे

ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनच्या जुन्या भागात ‘झिंझर’ नावाने विकली जाणारी स्पिरिटची दारू पिऊन डझनभराहून अधिक माणसं दगावली. बहुतेक हातावर पोट असलेले मजूर. त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले होते. जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यातही वीसहून जास्त लोक गेले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून विषारी दारूने मृत्यू झाल्यास जन्मठेप, इतकंच काय फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली.

याचा पॉलिशशी काय संबंध? संबंध आहे. कामाच्या जागी पडलेलं स्पिरिट एखादा मजूर ‘थोडंसं घेऊन बघू’ म्हणून पितो. पाण्याच्या बाटलीत भरलेलं स्पिरिट लहान मूल किंवा म्हातारं माणूस तहानेपोटी तोंडाला लावतं. मिस्त्री गेल्यावर उरलेली बाटली म्हणजे घरात ठेवलेलं विष. त्यावर नावही लिहिलेलं नसतं.

मिथेनॉलची आणखी एक खोड आहे. प्यायल्यानंतर लगेच फार काही होत नाही. नेहमीच्या दारूसारखी थोडी धुंदी येते आणि उतरते. खरी लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात: पोटात दुखणं, उलट्या, डोकेदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुकं पडल्यासारखं किंवा बर्फ पसरल्यासारखं दिसणं. तोवर ‘काही झालं नाही’ म्हणून घरचे निश्चिंत असतात.

म्हणून स्पिरिट पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. बाटली सोबत न्यावी. मुद्दाम उलटी करायला लावू नये. मिठाचं पाणी किंवा ताक पाजत बसू नये. यावर उतारा आहे, गरज पडल्यास डायलिसिसही करतात; पण जितकं लवकर पोहोचाल तितकी दृष्टी आणि जीव वाचण्याची शक्यता जास्त.

वाफ दिसत नाही, पण पेटते

दुसरा धोका आगीचा. द्रव स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेटण्याइतकी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. नेहमीच्या द्रवांचे आकडे साधारण असे आहेत:

- ॲसिटोन: उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास
- टोल्यूइन: ४ अंश
- मिथेनॉल: ११ अंश
- आयसोप्रोपिल अल्कोहोल: १२ अंश
- एथिल अल्कोहोल: शुद्ध असेल तर १३ अंश, थोडं पाणी असेल तर १७ च्या आसपास
- तारपीन: ३५ अंशांच्या आसपास

उज्जैनमध्ये मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणजे या यादीतला एकूण एक द्रव उन्हाळ्यात, नुसता उघडा ठेवला तरी पेटायला तयार असतो. तारपीनसुद्धा. हिवाळ्यातल्या दुपारीही स्पिरिटची हीच स्थिती असते.

यातही एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. हवेत अल्कोहोलची वाफ ३.३ टक्के ते १९ टक्के या दरम्यान असेल तर ते मिश्रण पेटतं. त्याहून कमी असेल तर इंधन पुरत नाही, जास्त असेल तर हवा पुरत नाही. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आतली हवा बहुधा पेटण्याजोगी राहत नाही. स्पिरिटचं तसं नाही. बंद कॅनमध्ये द्रवाच्या वरच्या रिकाम्या जागेत २० अंशांना साधारण सहा टक्के वाफ असते, ४० अंशांना सतरा-अठरा टक्के. दोन्ही आकडे पेटण्याच्या पट्ट्यात बसतात. थोडक्यात, आपल्या हवामानात अर्धा रिकामा स्पिरिटचा कॅन जवळजवळ वर्षभर पेटण्याजोग्या हवेने भरलेला असतो. अशा कॅनच्या तोंडाशी काडी गेली तर आग बाहेर थांबत नाही, आत शिरते. भरलेल्या कॅनपेक्षा अर्धा कॅन जास्त घातक तो यामुळेच.

आता खोलीचा हिशेब. एक लिटर स्पिरिट सांडून पूर्ण उडालं तर सुमारे ४०० लिटर वाफ होते. ती हवेत मिसळली तर साधारण १२ घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे २८ घनमीटर. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ अर्धी खोली. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता फरशीलगत सरकते. पॉलिश हॉलमध्ये चालू असतं आणि आग लागते स्वयंपाकघरातल्या गॅसला किंवा देव्हाऱ्यातल्या निरांजनाला. तिथून ज्वाळ परत बाटलीपर्यंत येते.

अल्कोहोलची ज्वाळ उजेडात नीट दिसतही नाही. ती फिकट निळी असते, मिथेनॉलची तर दुपारच्या उन्हात जवळजवळ अदृश्य. ‘विझलंय’ असं समजून वरून आणखी स्पिरिट ओतलं आणि भडका उडाला, असे अपघात जगभर होत आले आहेत. त्यामुळे जळत असलेल्या किंवा नुकत्याच विझलेल्या कशावरही स्पिरिट ओतायचं नाही. हा नियम मोडायचाच नाही.

मिसळायचं कसं?

घरच्या कामाला फार मोठा घाट लागत नाही. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडी घेतली तर पातळ पॉलिश होतं, बोळ्याने एकावर एक हात मारायला बरं. २४० ग्रॅम घेतली तर मध्यम दाट, कुंचल्याने लावण्याजोगं. विलायती पुस्तकांत ज्याला ‘दोन पौंडी’ म्हणतात ते हेच.

- काम गच्चीत, व्हरांड्यात किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघडून करावं. गॅस बंद, निरांजन शांत, बिडी-सिगरेट बाहेर. वाफ भरलेल्या खोलीत दिव्याचं बटणसुद्धा दाबू नये. पंखा-दिवा जे हवं ते आधीच लावून ठेवावं. पंखा बाटलीजवळ ठेवू नये.
- चपडी आधी खलबत्त्यात बारीक करावी. मग रुंद तोंडाच्या काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बरणीत घालून वरून स्पिरिट ओतावं. अधूनमधून हलवावं आणि रात्रभर ठेवून द्यावं.
- घाई झाली म्हणून बरणी गॅसवर किंवा शेगडीवर ठेवू नये. झाकण घट्ट लावून उन्हातही ठेवू नये. २० वरून ४० अंशांवर गेलं की स्पिरिटच्या वाफेचा दाब तिपटीने वाढतो. बारीक केलेली चपडी आणि एक रात्र, यांना दुसरा पर्याय नको.
- लोखंडी डबा वापरू नये. लाख किंचित आम्लधर्मी असते. लोखंडाशी तिची क्रिया होऊन पॉलिश काळपट पडतं आणि देव्हाऱ्यावर डाग उमटतात.
- तयार पॉलिश दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावं. गाळलेला कपडा बाहेर सावलीत वाळवावा, आतल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबू नये.

पावसाळ्यात लावलेलं पॉलिश पांढुरकं पडतं, तेव्हा दोष बहुधा स्पिरिटमधल्या पाण्याचा किंवा दमट हवेचा असतो. स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण सैल राहिलेली बाटली महिनाभराने कामाची राहत नाही.

नाक, हात आणि डोळे

कामगारांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या मर्यादेनुसार आठ तासांच्या कामात हवेतलं एथिल अल्कोहोल दहा लाखांत एक हजार भागांपर्यंत चालतं. मिथेनॉलसाठी हीच मर्यादा दोनशे भाग आहे, म्हणजे पाचपट कडक. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जातं. बंद खोलीत उघड्या हाताने दिवसभर बोळा फिरवणारा कारागीर संध्याकाळी डोकं धरून बसतो, ते ‘सवयीचं’ म्हणून सोडून देण्याजोगं नसतं.

धूळ अडवणारे मास्क इथं उपयोगाचे नाहीत. कापडी असो की एन-९५, वाफ त्यातून आरपार जाते. कोळशाची गाळणी असलेला मास्क एथिल अल्कोहोलला आणि थिनरला काही प्रमाणात अडवतो, मिथेनॉलला फारसा नाही. त्यामुळे मोकळी हवा हाच खरा उपाय. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. डोळ्यात थेंब उडाला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा.

घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पॉलिश चालू असताना त्यांना एक-दोन दिवस दुसरीकडे पाठवलेलं बरं.

ठेवायचं कुठं?

पहिला नियम: लागेल तेवढंच आणावं. एका देव्हाऱ्याला पाच लिटरचा कॅन लागत नाही.

दुसरा नियम: मूळ डब्यातच ठेवावं. पाण्याच्या, सरबताच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नये. वेगळ्या बाटलीत काढावंच लागलं तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘स्पिरिट, विष, आग लागेल’. मराठीत लिहावं, हिंदीतही लिहावं, आणि न वाचता येणाऱ्यासाठी कवटीचं चित्र काढावं. घरातली कामवाली, पाहुणे, शेजारचं पोर, सगळ्यांना कळायला हवं. थिनर तर पातळ प्लास्टिकच्या बाटलीत ठेवूच नये, बाटली मऊ पडून गळते.

तिसरा नियम: जागा थंड, सावलीची, हवा खेळती असलेली आणि कुलूपबंद हवी. माळा नको, कारण छताखाली उष्णता साठते आणि उतरवताना बाटली निसटते. जिन्याखाली नको, कारण आग लागली तर पळायची वाट तीच असते. गॅस सिलिंडर, इन्व्हर्टर आणि मीटर बोर्डाजवळ तर नकोच नको. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतही उन्हाळ्यात नको.

चौथा नियम फ्रिजबद्दल. कोरडी चपडी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवता येते, आणि ठेवावी. माळव्याच्या उन्हाळ्यात पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि पुढं तो स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही. पण स्पिरिट किंवा तयार पॉलिश घरच्या फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नये. बंद फ्रिजमध्ये गळकी वाफ कोंडते आणि आतल्या दिव्याची किंवा थर्मोस्टॅटची ठिणगी तिला पुरते.

पाचवा नियम: ब्लीच, ब्लीचिंग पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोटॅशियम परमँगनेट हे स्पिरिटपासून वेगळ्या कपाटात ठेवावेत. लाकडाचे डाग काढायला किंवा रंग द्यायला यातलं बरंच काही सुतारकामात वापरलं जातं आणि सगळं एकाच पिशवीत भरून ठेवलं जातं. सांडून एकमेकांत मिसळलं तर विषारी वायू होऊ शकतो किंवा काडी न लावता आग लागू शकते.

तयार पॉलिशच्या बरणीवर तारीख टाकायला विसरू नये. अल्कोहोलमध्ये राहून राहून लाखेचं रूप हळूहळू बदलतं आणि ती नीट वाळेनाशी होते. सहा महिने हा सुरक्षित हिशेब. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाकावा. दहा-पंधरा मिनिटांत कोरडा होऊन नख रुतलं नाही तर पॉलिश चांगलं. चिकट राहिला तर ते लाकडावर लावू नये.

तेलाचा बोळा विसरू नका

फ्रेंच पॉलिश करताना बोळा सरकावा म्हणून जवसाच्या तेलाचा थेंब लावतात. काही मिस्त्री आधी लाकडाला जवसाचं तेलच पाजतात. या तेलाच्या चिंध्या स्वतःहून पेटू शकतात. तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि गरम होतं. चिंध्यांचा गोळा करून टाकला तर उष्णता आत कोंडत जाते आणि काही तासांनी धूर निघतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला आग लागली ती लाकूड पुसलेल्या अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांमुळे. तीन अग्निशमन जवान त्यात मरण पावले.

उपाय सोपा आहे. चिंध्या एकेक करून बाहेर दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत.

राज्याची हद्द ओलांडताना

उज्जैनचं लाकूड आणि जळगाव-धुळ्याचा मिस्त्री, किंवा बऱ्हाणपूरचं काम आणि अमरावतीचं सामान, ही सरमिसळ सीमाभागात नेहमीची. इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, कायदा. डिनेचर्ड स्पिरिट हा राज्यांच्या अबकारी कायद्याचा विषय आहे. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी अधिनियम लागू आहे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा. किती साठा विनापरवाना चालतो, कुणाकडून घ्यायचा, याचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना कायदे करता येतात, असा निकाल दिला. त्यामुळे ‘आमच्या गावी चालतं’ हे पलीकडच्या राज्यात चालेलच असं नाही. जास्त माल लागणाऱ्या कारखानदाराने जिल्ह्याच्या अबकारी कार्यालयात विचारूनच साठा करावा.

दोन, प्रवास. नानाखेडा बस स्टँडवरून निघणाऱ्या गाडीत पिशवीत लपवलेला स्पिरिटचा कॅन म्हणजे चाळीस-पन्नास प्रवाशांशी खेळ. रेल्वेत तर हा गुन्हाच आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक माल घेऊन प्रवास केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानाच्या सामानातही हे द्रव चालत नाहीत.

यातून वाट अगदी साधी आहे. चपडी कोरडी न्यावी, स्पिरिट कामाच्या गावी घ्यावं. कोरड्या चपडीची पुडी झोळीत घालून कुठंही नेता येते.

उरलं तर? आणि पेटलंच तर?

उरलेलं स्पिरिट मोरीत, गटारात किंवा क्षिप्रेत ओतू नये. गटारात वाफ कोंडते आणि दोन घरांपलीकडे पेटते. चांगलं असेल तर ओळखीच्या सुताराला मूळ डब्यासह द्यावं. वाटीभर बिघडलेलं पॉलिश असेल तर गच्चीत, आगीपासून आणि पोरांपासून लांब, पसरट ताटलीत उघडं ठेवावं. स्पिरिट उडून गेल्यावर राहिलेला लाखेचा पापुद्रा कचऱ्यात टाकता येतो. डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घरगुती घातक कचरा म्हणून महापालिकेच्या गाडीला वेगळे द्यावेत.

काम करताना शेजारी वाळूची बादली आणि एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं असावं. बरणी पेटली तर ती उचलून पळू नये. हातातून सांडली की आग पायाखाली येते. वरून पत्र्याचं झाकण किंवा परात ठेवावी, हवा तुटली की ज्वाळ मरते. स्पिरिटवर भरपूर पाणी चालतं, पण थिनर आणि तारपीन पाण्यावर तरंगतात आणि आग पसरवतात, म्हणून त्यांच्यावर पाणी मारू नये. आग झाकणाच्या आटोक्याबाहेर गेली की सामानाचा मोह सोडून सगळ्यांनी बाहेर पडावं आणि १०१ किंवा ११२ लावावा.

कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यातलं काहीही लावू नये.

तीन पिढ्यांचा देव्हारा चमकवायला शंभर-दीडशे ग्रॅम लाख आणि लिटरभर स्पिरिट पुरतं. मिस्त्रीने हात धुऊन पैसे घेतले की त्याला लगेच जाऊ देऊ नये. उरलेलं स्पिरिट कशात आहे, किती आहे, बोळे कुठं टाकले, हे त्याच्यासमोरच बघून घ्यावं आणि बाटलीवर नाव लिहून कुलूप लावावं. पाच मिनिटांचं काम आहे.